नीळ किती टाकायची?

आमच्या बार्शी भागात घटस्थापनेच्या आधी घर झाडून-धुऊन काढायच्या कामाला 'दसरा काढणं' म्हणतात. वाकळा, घोंगड्या, डबे, भांडी सगळं ओढ्यावर जातं आणि रिकाम्या घरात भिंती उघड्या पडतात. वर्षातून त्या एका दिवशी आमच्या घरात रंगाचा विषय निघायचा. विषय म्हणजे तरी काय, आई चुन्याच्या बादलीत नीळ कालवत असायची आणि आज्जी उंबऱ्यावर बसून म्हणायची, "हात आखडून टाक गं. मागल्या सालावानी घर निळंजांभळं करशील."

आई काही बोलायची नाही. कापडात बांधलेली निळीची पुरचुंडी बादलीत दोनदा बुडवायची, काठीनं ढवळायची आणि कुंचल्याचा एक फटकारा दाराआडच्या भिंतीवर, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी मारायची. मग सरळ दुसऱ्या कामाला लागायची. तो फटकारा वाळल्यावर बघायचा आणि मग ठरवायचं, अजून नीळ की अजून चुना. आमच्या घरातली रंगाची निवड ती एवढीच. पैसा नव्हता, त्यामुळं निवडायला फार काही नव्हतंच. पण जेवढं होतं तेवढ्यात आई निवडायची, हे मला कळायला माझं निम्मं आयुष्य गेलं.

आमचं घर माळवदाचं. दीड हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आपल्याकडं पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाणातली, जुन्या गढीच्या बाजूची ही पांढरी माती फुकट मिळायची. ती भिजवून, गाळून बायका फडक्यानं भिंती पोतारायच्या. खाली हातभर उंचीपर्यंत शेणामातीचा पट्टा, कारण तिथं पाठ टेकायची, पोरांचे पाय लागायचे. म्हणजे आमच्या घराचे पहिले दोन रंग शेणाचा आणि मातीचा. दोन्ही बिनपैशाचे, आणि दोन्हींची सगळी मेहनत बायकांची.

चुना आला की घरात पैसा आला असं समजायचं. बाजारातनं कळीचा चुना आणायचा. तो पाण्यात टाकला की फसफसायचा, रांजण गरम व्हायचा आणि आम्हा पोरांना लांब हाकललं जायचं. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो, ही भीती खरी होती. आई हाताला खोबरेल चोळून आणि तोंडाला पदर गुंडाळून चुना द्यायची. कुंचला घायपाताचा. बांधावरचं जाड पान आणून त्याचं टोक दगडानं ठेचलं की धागे सुटे व्हायचे. चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंकाचं नाहीतर भाताच्या पेजेचं पाणी पडायचं.

पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा या बादलीतलं गुपित उलगडलं. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घालून तो भिंतीवर दिला की तो हवेतला तोच वायू सावकाश परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे चुना नुसता वाळत नाही, तो भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्रा होऊन बसतो. म्हणूनच ओला असताना तो पाणचट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र. आई फटकारा मारून थांबायची, ते हे ठाऊक असल्यामुळं. तिनं कधी शाळा बघितली नव्हती.

निळीची गोष्ट आणखी गमतीची. आम्ही तिला नीळ म्हणतो, पण ती झाडाची नीळ नव्हे. ज्या निळीपायी बंगालच्या रयतेनं 1859 साली उठाव केला, ज्या निळीसाठी गांधीजी 1917 मध्ये चंपारणला गेले, ती झुडपापासून निघायची. धुण्याची नीळ वेगळी. अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये लाजवर्द नावाचा निळा दगड सापडतो. तो कुटून केलेला रंग युरोपातल्या चित्रकारांना सोन्याच्या तोलामोलाचा पडायचा. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये चिकणमाती, सोडा, गंधक असलं साधं सामान भाजून हुबेहूब तोच रंग करायची रीत सापडली आणि राजेरजवाड्यांचा रंग धुण्याच्या बादलीत आला. त्याचा दुसरा गुण म्हणजे तो चुन्याच्या दाहक पाण्यात टिकतो. झाडापासून काढलेले बरेच रंग चुन्यात मरतात, हा मरत नाही. पिवळट चुन्यात जरा नीळ पडली की डोळ्याला तो जास्त पांढरा वाटतो, आणि जास्त पडली की घर आभाळी होतं. खेड्यापाड्यांतली कितीतरी जुनी घरं फिकट निळी का, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, की दुकानात सगळ्यात स्वस्त आणि चुन्यात टिकणारा रंग तोच होता.

बाकीचे रंगही असेच, जवळचे आणि परवडणारे. गेरूनं दाराच्या चौकटीभोवती पट्टा ओढायचा आणि तुळशीकट्टा रंगवायचा. चुन्यात पिवडी टाकली की भिंत हळदुली व्हायची. आणि एक रंग होता मोरचुदाचा. चुन्यात मोरचूद टाकलं की आभाळी आणि हिरवा यांच्या मधला, पाण्यासारखा थंड रंग यायचा. ढेकूण-किडे कमी होतात म्हणून आज्जीनं एकदा स्वयंपाकघराला तो दिला होता. आज्जीला ठाऊक नव्हतं, पण चुना आणि मोरचूद यांचं हेच मिश्रण एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षवेलींवर फवारायला लागले होते. पुढं आमच्याकडं द्राक्षबागा आल्या आणि 'बोर्डो' हा शब्द गड्यांच्या तोंडी बसला, तेव्हा निळसर झालेली पानं बघून धाकटी बहीण म्हणाली होती, "ह्यो तर आज्जीच्या चुलीम्होरचा रंग."

आमच्या भिंतींवर सरकारचाही रंग चढला. देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम 1953 साली सुरू झाली आणि 1958 पासून तिला निर्मूलनाचं रूप आलं. पाठीवर पंप घेतलेली माणसं घरात शिरून भिंतींवर डीडीटी मारायची आणि दाराजवळ गेरूनं तारीख लिहून जायची. मागं पांढरे ओघळ आणि वास उरायचा. "भिंती पोतारू नका, औषध जाईल," असं ती बजावून जायची. आज्जीला ते पटायचं नाही. सणाच्या तोंडावर डागाळलेलं घर ठेवायचं म्हणजे काय? पथकाची पाठ फिरली की ती फडकं बुडवायची. तारीख तेवढी सोडायची. "सरकारी अक्षर हाय, राहू द्या," म्हणायची. मोहिमेला हव्या होत्या हात न लावलेल्या भिंती आणि आज्जीला हवं होतं सणाला उजळ घर. आज मागं बघताना दोघांचं म्हणणं मला समजतं.

1972 च्या दसऱ्याला मात्र भिंतींना हात लागला नाही. पाऊसच नव्हता. पिण्याला पाणी नाही तर चुना कशात विरवणार? जनावरं विकलेली, त्यामुळं सारवायला शेण नाही. दादा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मातीच्या भिंतीला वर्षाचा हात चुकला की ती लगेच बोलते. पोपडे सुटले, भुरभुर माती अंथरुणात पडायला लागली. आईनं त्या साली घटाच्या मागची वावभर जागा तेवढी पोतारली, तीही भांडी विसळलेल्या पाण्यात माती कालवून. घरात काय चाललंय ते भिंतीवर वाचता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता माझ्या चुकीकडं येतो.

1982 च्या वैशाखात धाकटीचं लग्न ठरलं. मी तेव्हा नुकताच डी.एड. करून नोकरीला लागलो होतो. शिकायला शहरात राहिलो होतो, तिथल्या मित्रांच्या घरी गुळगुळीत चकाकत्या भिंती बघितल्या होत्या. शहरातल्या रंगाच्या दुकानांवर आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला गट्टू दिसायचा. तो बघून मला वाटायचं, रंग म्हणजे डब्यातला. चुना-नीळ हा आमच्या गरिबीचा रंग आहे. लग्नाला येणारी माणसं तालुक्याच्या गावची. त्यांना चुन्याची खोली दाखवायची मला लाज वाटली. एवढा साधा प्रकार होता तो.

मी दादांना म्हणालो, "पुढच्या खोलीला ऑइल पेंट देऊ."

दादा म्हणाले, "चुना हाय की. दोन हात मारलं तर झाकपाक हुतंय."

"चुना अंगाला लागतो. पाहुणे काय म्हणतील?"

डिस्टेंपरचाही विचार झाला. त्याला आमच्याकडं 'डिस्टंबर' म्हणायचे. पण साधा डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस. तोही हाताला लागतो, पुसला की उतरतो. मी ऑइल पेंटवर अडून बसलो. आई एवढंच म्हणाली, "मातीच्या भिताडाला त्येल पचंल का?" तिच्या बोलण्यात अडाणीपणा आहे असं मला वाटलं. मास्तर झालो होतो ना!

एक खोंड विकायचं चाललं होतं, ते थोडं आधी विकलं. आईनं अंड्यांचे आणि लोण्याचे साठवलेले पैसे काढून दिले. बाजारातनं कुठल्यातरी बारीकशा कंपनीचे स्वस्त डबे आणले. रंगारी आला, त्यानं लांबी भरून भिंती घासल्या आणि पिस्ता रंगाचे दोन हात मारले. खाली कमरेइतका गडद हिरवा पट्टा. खर्च साडेतीनशेच्या वर गेला, म्हणजे माझ्या तेव्हाच्या निम्म्याहून जास्त पगाराएवढा. रंग कोणता घ्यायचा ते मी आणि रंगाऱ्यानं दुकानात उभं राहून ठरवलं. जिच्या लग्नासाठी हे चाललं होतं, तिला कुणी विचारलं नाही. ती दाराआड उभी राहून बघत होती, एवढं आठवतं.

लग्नात खोली चकाकली. पाहुणे कौतुक करून गेले. मी तीन दिवस ताठ मानेनं हिंडलो.

पाऊस झाला आणि श्रावण यायच्या आत भिंत फुगली. आधी तळहाताएवढा फोड आला. बोटानं दाबला तर आत पोकळ. मग पट्ट्याच्या वरच्या कडेनं रंग पापडासारखा सुटला आणि सुटताना मागची माती घेऊन आला. नागपंचमीला धाकटी माहेरी आली, तिला सोडायला तिचा दीर आला होता. त्याला बसायला सतरंजी टाकली त्याच्या मागंच भिंतीचा ढलपा निघालेला. तो काही बोलला नाही. दादा त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत राहिले, पण त्यांची नजर जमिनीला होती.

दोष डब्याचा नव्हता, रंगाऱ्याचाही नव्हता. मातीची भिंत पावसाळ्यात पायातनं ओल वर ओढते आणि उघडीप पडली की ती ओल अंगातनं सोडून देते. चुना, माती, शेण यांतनं ही वाफ बाहेर जाते. तेलाचा रंग म्हणजे भिंतीला घातलेला मेणकापडाचा अंगरखा. आत घाम साठतो, जागा सापडेल तिथनं फुटतो, आणि भिंतीतले क्षार गिलावा भुसभुशीत करतात. 'पचंल का' या एका शब्दात आईनं हे सगळं मला आधीच सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी आईनं खुरपं घेतलं आणि एकटीनं सगळी खोली खरवडली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू शाळंला जा." रागानं म्हणाली नाही, म्हणूनच जास्त लागलं. आठ दिवस ती भिंत उघडी ठेवली, मग माती-भुशाचा गिलावा, मग पोतारा, मग चुना. बादलीत पुरचुंडी बुडवताना तिनं मला हाक मारली आणि विचारलं, "नीळ किती टाकायची?" मी म्हणालो, "तुला कळतं तेवढी." त्या विषयावर आमचं पुढं कधी बोलणं झालं नाही.

ते माळवद आता नाही. 2018 मध्ये त्याच जागेवर स्लॅबचं दोन खोल्यांचं घर बांधलं. निवृत्तीचे पैसे बांधकामात संपत आले होते आणि रंगाला हातात बेताचीच रक्कम उरली होती. या खेपेला मी दुकानात जायच्या आधी वही घेतली. दहा बाय बाराची खोली, नऊ फूट उंची, म्हणजे चारी भिंती मिळून 396 चौरस फूट. दार-खिडक्या वजा जाता साधारण साडेतीनशे. डब्यावर छापलेला हिशेब गुळगुळीत भिंतीचा असतो, आपल्या खरबरीत भिंती जास्त पितात. म्हणून थोडं जास्तच धरलं. दोन्ही खोल्यांच्या छताला एकच पांढरा घेतला, म्हणजे मोठा डबा स्वस्त पडतो आणि उरलेला वाया जात नाही. गच्चीची गळती आधी बंद केली. नवं प्लास्टर सुकायला वेळ दिला. रंगावर कमी आणि रंगाच्या खालच्या तयारीवर जास्त पैसा घातला. 1982 नं मला शिकवलं ते एवढंच. ज्यांची घरं अजून मातीची आहेत त्यांना मी आजही चुनाच सांगतो. त्यात गरिबी नाही, ते भिंतीचं पथ्य आहे.

आणखी एक. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-लाल रंगांत, शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडं 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तेव्हा जुनी तेलरंगाची भिंत किंवा दारं कोरडी घासू नका, पाणी मारून खरवडा आणि पोरांना लांब ठेवा. माझ्या आईनं पदर गुंडाळून खरवडलं त्या धुरळ्यात काय होतं, हा विचार मला अजून कधीकधी येतो.

रंगारी शेड कार्ड घेऊन आला त्या दिवशी धाकटी मुद्दाम बोलावल्यावरनं आली होती. कार्डात शेकडो रंग. दुकानातलं मशीन पाहिजे तो मिसळून देतं. मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "स्वयंपाकघराचा तू सांग."

"मी कशाला? घर तुझं न् वहिनीचं."

"वहिनीनंच सांगितलंय. त्या वेळी तुला विचारायचं राहिलं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षांत हा विषय आम्ही काढला नव्हता. मग ती कार्ड घेऊन खिडकीशी गेली, पानं उलटत राहिली आणि एका हिरवट-आभाळी चौकोनावर बोट ठेवलं. मोरचुदाचाच, जवळजवळ. "पर कागुद बघून काय कळत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "हितं जरा लावून दाव म्हणावं."

रंगाऱ्यानं नमुन्याचा लहान डबा आणून भिंतीवर हातभर ठिगळ दिलं. तो दुसरा हात मारायला निघाला तर तिनं थांबवलं. "आज राहू दे. वाळूदे. राच्च्याला दिव्यात बघू, सकाळी उन्हात बघू, मग सांगते." रंगारी वैतागला, त्याचा रोज बुडत होता. तो मी दिला.

रात्री जेवणं झाल्यावर ती दिवा लावून त्या ठिगळासमोर बराच वेळ उभी होती. सकाळी पहिल्या गाडीनं जायच्या आधी चहाचा कप हातात घेऊन पुन्हा बघून आली आणि म्हणाली, "जरा गडद होतंय. ह्यात थोडा पांढरा घालाय सांग."